सहा पाव आणि दुसरी स्क्रीन

ओरुरो, रविवार, १२ जानेवारी

आदरणीय प्रिमितिवा आत्या,

पाकीट उलटंपालटं करून तुम्ही दोनदा नाव वाचाल, हे मला माहीत आहे. हो, मीच, सुल्मा. तुमच्या भावाची, कासियानोची मुलगी. अकरा वर्षांत आपण एकदाच भेटलो, आई गेली तेव्हा. तेव्हाही तुम्ही दारातूनच फुलं देऊन परत गेलात.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आमचं घर दीड खोलीचं आहे आणि बाबांचे कान तीक्ष्ण आहेत. मेसेजही पाठवता येत नाही, बाबा माझाच फोन वापरतात. म्हणून बस स्थानकावर पार्सलच्या खिडकीत देते आहे. ला पाझला उतरलं की तुमच्या दुकानात निरोप येईल.

काम असं. मला घरून करायची नोकरी मिळाली आहे, स्पेनमधल्या एका कंपनीची. ते लोकांचं बोलणं चित्रफितीत पाठवतात, मी ऐकून शब्द न शब्द टाइप करायचा. कमी ऐकू येणाऱ्यांना ते खाली वाचता येतं. तीन महिने कसोटीवर घेतलंय, चौदा मार्चला निकाल. माझा लॅपटॉप चौदा इंची. त्यातच चित्रफीत, त्यातच टाइप केलेलं, त्यातच त्यांची नियमांची यादी. एक उघडलं की दुसरं झाकतं. दर पानाला चार-पाच चुका होतात आणि तिकडची बाई दर शुक्रवारी लिहून कळवते की बाकीच्या सगळ्यांकडे दोन स्क्रीन आहेत. जणू मी दुसरी स्क्रीन गादीखाली लपवून ठेवली आहे.

इथल्या दोन दुकानांत जाऊन आले. पहिल्याने मला जुना मॉनिटर दाखवला, तो उचलायला दोन माणसं लागली. मी म्हटलं, मला पिशवीतून नेता येईल असा हवाय. दुसरा दुकानदार हसून म्हणाला, "पोरीला दोन स्क्रीन कशाला? एकीत तोंड बघणार, दुसरीत केस?" शेजारच्या गिऱ्हाइकांनीही दात काढले. मी काही न बोलता निघून आले, त्याचाच मला आता जास्त राग येतो आहे.

तुम्ही बावीस वर्षं टीव्ही आणि स्क्रीन विकता. माझ्याकडे सहाशे बोलिव्हियानो आहेत. त्यात बसेल अशी पातळ, हलकी स्क्रीन निवडून द्या, आणि तिची मद्रीना, म्हणजे मानाची धर्ममाता, व्हा. पोटापाण्याची वस्तू मद्रीनाशिवाय घरात आणू नये असं आई म्हणायची. बाबांना कळवू नका.

तुमची भाची,
सुल्मा


ला पाझ, गुरुवार, १६ जानेवारी

सुल्मा,

पत्र मिळालं. वाचून आधी खुर्चीत बसले, मग उठले आणि माझ्या मदतनीस लिसेतला ऐकवत दुकानभर फिरले. अकरा वर्षं तोंड नाही, शब्द नाही, आणि आता एकदम मद्रीना व्हा? तेही कागदावर? अगं, मद्रीना व्हायला असं विचारतात का? घरी यावं लागतं. टोपलीत पाव, वर फळं, हाताशी बिअरची पेटी, अंगावर चांगले कपडे. समोरच्याने पाव घेतला म्हणजे हो म्हटलं, टोपली परत पाठवली म्हणजे नाही. हे शेंबड्या पोराला कळतं. तुझ्या बापाने तुला एवढंही शिकवलं नाही, पण त्याच्याकडून मी दुसरी अपेक्षा तरी काय करणार.

आणि हे 'तुम्ही, तुम्ही' काय लावलंय? चार वर्षांची होतीस तेव्हा माझ्या घागऱ्यात तोंड पुसून 'अगं आत्या' म्हणायचीस. आता मी कचेरीतली बाई झाले वाटतं.

त्या केसवाल्या दुकानदाराचं नाव कळव. माल उचलायला तो माझ्याच गल्लीत येतो.

आता स्क्रीनचं. हे मी धंदेवाली म्हणून सांगते, आत्या म्हणून नाही, तेव्हा नीट वाच. सहाशेत येते, पण सहाशेत फसवतातही. पहिलं म्हणजे तुझ्या लॅपटॉपचं तार खुपसायचं भोक बघ. चपटं, गोल कडांचं भोक दिसायला सगळीकडे सारखंच, पण कुणाचं नुसतं चार्जिंग घेतं आणि कुणाचं चित्रही देतं. हे न बघता घेशील तर नवी स्क्रीन काळीच्या काळी राहील. मग वर्षभर त्यात खरंच तोंड बघ. दुसरं, खोक्यावर मोठ्या अक्षरात फोर-के लिहितात आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहितात की फोर-के 'चालेल'. चालेल म्हणजे आहे असं नाही. तुला फुल एचडी पुरे. तिसरं, जिला टेकायला नुसतं घडीचं कव्हर असतं ती तिसऱ्या दिवशी तोंडावर आपटते, मागे पाय असलेलीच घ्यायची. बोटाने चालणारी नको, तुला टाइप करायचंय, कुरवाळायचं नाही.

आणि पैसे कसले दाखवतेस? मद्रीना पैसे घेते होय? मी अजून हो म्हटलेलं नाही, पण हो म्हटलंच तर पैसे घेणारी मी नाही. एवढं कळव की ती नेणार कुठे. घरून नोकरी आहे म्हणतेस आणि पिशवीतून न्यायची म्हणतेस. दोन्ही कसं?

प्रिमितिवा तिंताया


ओरुरो, रविवार, १९ जानेवारी

आत्या,

या पत्रासोबत सहा पाव आहेत. सकाळी भट्टीतून निघाल्याबरोबर घेतले, पण बस चार तास घेते आणि पार्सलची खिडकी त्याहून जास्त, त्यामुळे तुमच्या हातात पडतील तेव्हा कसे असतील देव जाणे. फळं चिरडली असती. बिअरची पेटी बसवाल्याने नाकारली, रस्त्यात चालक प्यायला तर जबाबदारी कुणाची म्हणाला. मी स्वतः येऊ शकत नाही. आले असते तर चांगल्या कपड्यांत आले असते. याहून जास्त रीत मला परवडत नाही. राग मानायचा तर माना.

आणि एक सांगते. माझ्या बाबांनी मला काय शिकवलं आणि काय नाही हे त्यांच्यासमोर येऊन बोला. पाठीमागे नको.

भोक बघितलं. शेजारच्या मुलाच्या मॉनिटरला लावून लॅपटॉपचं चित्र त्यात जातं का तेही करून बघितलं, जातं. फुल एचडी चालेल. मागे पाय हवा, हे पटलं. माझ्या अटी लिहिते. पंधरा इंचांहून मोठी नको, जागा एका खुर्चीच्या हाताएवढीच आहे. लॅपटॉपवरच चालली पाहिजे, वेगळा प्लग नको, कारण मी जिथे बसते तिथले सगळे प्लग दुसऱ्या यंत्रांना लागलेले असतात. वजन किलोच्या आत. रोज स्पिरिटने पुसली तरी खराब होता कामा नये. तिचा आवाज नको, उजेडही कमी करता आला पाहिजे, आजूबाजूला माणसं झोपलेली असतात.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पहाटे पाचला निघते आणि बारापर्यंत तिथेच असते. कंपनी काम सकाळीच पाठवते, कारण त्यांच्याकडे तेव्हा दुपार असते. म्हणजे आठवड्यातलं निम्म्याहून जास्त काम मी मांडीवर लॅपटॉप घेऊन करते, आणि चुका सगळ्या त्याच दिवसांच्या. कुठे बसते ते विचारू नका. वाईट जागा नाही. चौदा मार्चला मला काढलं तर घरात येणारं दुसरं काही नाही, एवढंच समजा.

सुल्मा


ला पाझ, सोमवार, २७ जानेवारी

सुल्मा,

तुझे पाव बुधवारी हातात पडले. तेव्हा त्यांनी खिळा ठोकता आला असता. तरी एक कॉफीत बुडवून खाल्ला आणि त्यात माझ्या दाढेतली चांदी निघाली. पण खाल्ला. पाव घेतला म्हणजे शब्द दिला. तेव्हा मी तुझ्या स्क्रीनची मद्रीना आहे, ऐकून ठेव. आणि मद्रीना म्हटल्यावर काय द्यायचं ते मी ठरवणार.

आता तुझ्या अटींबद्दल. मी त्या लिसेतला वाचून दाखवल्या. पहाटे पाचला घराबाहेर. माणसं झोपलेली. स्पिरिट. सगळे प्लग यंत्रांना लागलेले. कुठे बसते ते विचारू नका. पोरी, मी काय काल जन्मले? स्पिरिट लागतं गोंदणाऱ्यांना, नाहीतर दारू गाळणाऱ्यांना. लिसेत म्हणते ती खेळांच्या दुकानात बसत असेल, जिथे रात्रभर मुलं पडद्यावर गोळ्या झाडतात आणि सकाळी तिथेच लवंडतात. मला वाटतं कुणीतरी पुरुष आहे. त्याच्या खुर्चीच्या हातावर बसून तू काम करणार आणि तो घोरणार. आई नाही म्हणून कुणी विचारणारं नाही असं समजू नकोस. आणि तुझा बाप काय करतो? मुलगी आठवड्यातून तीनदा पहाटे बाहेर पडते आणि हा ढोल कुशीत घेऊन झोपतो?

त्याला कशाची चाड होती म्हणा. अकरा वर्षांपूर्वी आमच्या चर्चमधल्या माउलीच्या उत्सवाचं यजमानपण माझ्याकडे होतं. आयुष्यात एकदा येतं ते. दोन वर्षं मी राबले. अख्खी गल्ली नाचायला आलेली, आणि कोपऱ्यावर समोरच्या मंडळाचा बँड आला. त्यात सगळ्यात पुढे मोठा ढोल कोण बडवतंय? माझा सख्खा भाऊ. माझ्या वैऱ्यांचा पट्टा छातीवर लावून. बायका माझ्याकडे बघून रुमालात हसत होत्या. तो आवाज अजून माझ्या डोक्यात आहे. समोर येऊन बोला म्हणतेस? त्याने यावं समोर.

म्हणून मी ठरवलंय. तुला घराबाहेर न्यायची स्क्रीन मी देणार नाही. घरात बसून काम होईल अशीच देणार. आणि प्रिमितिवा तिंताया मद्रीना झाली की ताटाएवढी वस्तू देत नाही. माझ्या नावाला बावीस वर्षं आहेत या गल्लीत. लोक काय म्हणतील, आत्याने पोरीला पापड दिला?

शुक्रवारी अलासितांच्या जत्रेत, जिथे हवं ते खेळण्याएवढं घेतलं की वर्षात खरं मिळतं, बरोबर बाराच्या ठोक्याला तुझ्या नावाने एक लहानशी स्क्रीन घेतली, काडेपेटीएवढी. धूप दाखवून घेतला. ती या पाकिटात आहे. खरी मागून येते आहे.

तुझी मद्रीना,
प्रिमितिवा


ओरुरो, बुधवार, ५ फेब्रुवारी

आत्या,

तुमची खरी स्क्रीन काल आली. त्रेचाळीस इंचाचा टीव्ही. बसवाल्याने तो छपरावर बांधून आणला, चारी कडांना रंगीत कागदी पट्ट्या, आणि मध्ये तुमच्या नावाची फीत: 'मद्रीना डोन्या प्रिमितिवा तिंताया यांच्याकडून, प्रेमाने'. स्थानकावरून घरापर्यंत हातगाडीवर आणला तेव्हा गल्लीतल्या पोरांनी मागे मिरवणूक काढली. एकीने विचारलं, लग्न ठरलं का?

तुम्ही काडेपेटीएवढी पाठवलीत तीच बरी होती. निदान ती खिशात मावते.

मी काय मागितलं होतं? पंधरा इंच लिहिलं होतं. किलोच्या आत लिहिलं होतं. तुम्ही धंदेवाल्या ना? एखाद्या गिऱ्हाइकाने चपला मागितल्या तर तुम्ही त्याला घोडा देता का? माझं काम, माझी कसोटी, माझा निकाल, आणि या सगळ्यात लोक काय म्हणतील हे तुमच्या नावाबद्दल. माझ्याबद्दल काय म्हणाले ते तर तुम्हीच लिहून पाठवलंत. गोंदण, दारू, पुरुष. वाचून मला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. त्या दिवशी संतापात पानाला नऊ चुका झाल्या.

ठीक आहे. ऐका कुठे बसते ते. बाबांनी शपथ घातली होती, ती मोडते.

ऑक्टोबरपासून बाबांची दोन्ही मूत्रपिंडं काम करत नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहाला त्यांना रक्त धुवायच्या यंत्राला लावतात, चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया. मोठी खोली आहे, बारा खुर्च्या, बारा यंत्रं, म्हणून प्लग नसतात. माणसं थकून झोपलेली असतात, म्हणून उजेड नको. आत नेलेली प्रत्येक वस्तू पुसावी लागते, म्हणून स्पिरिट. तो पुरुष तुमचा भाऊ आहे, आणि हो, घोरतो.

त्यांचा रक्तदाब एकदम खाली जातो. बाकीचे लोक हाक मारतात. तुमचा भाऊ मारत नाही, परिचारिकेला त्रास कशाला म्हणतो. नोव्हेंबरमध्ये एकदा असाच न बोलता बेशुद्ध झाला. त्या दिवसापासून मी शेजारी बसते. नोकरी सोडली तर औषधं नाहीत, शेजारी बसणं सोडलं तर बाबा नाहीत. म्हणून मला हलकी स्क्रीन हवी होती. खुर्चीच्या हातावर टेकणारी.

आता सांगा, तिथे हा टीव्ही कुठे ठेवू? बाबांच्या मांडीवर?

शनिवारच्या बसने तो परत पाठवते. पट्ट्यांसकट.

सुल्मा


ला पाझ, शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सुल्मा,

टीव्हीला हात लावलास तर याद राख.

ऑक्टोबरपासून. म्हणजे चार महिने. चार महिने माझ्या आईचा मुलगा यंत्राला लावलेला आहे आणि मी इथे गिऱ्हाइकांना रिमोट कसा दाबायचा ते दाखवते आहे. मला परकं केलंत तुम्ही दोघांनी. भांडण माझं आणि त्याचं होतं. भांडण म्हणजे बहीण नाही असं होत नाही. त्याने शपथ घातली आणि तू शहाण्यासारखी पाळलीस. स्क्रीनबद्दल मला दोन पत्रं लिहिलीस, इंच, किलो, प्लग, सगळं, आणि जे लिहायचं ते मात्र नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी जे गोंदण-बिंदण लिहिलं त्याची मला लाज वाटते, आणि तू मला ते लिहू दिलंस याचाही राग येतो.

कालपासून दुकानात बसवत नाही. काल एकाने विचारलं हा टीव्ही चांगला आहे का, मी म्हटलं मला काय माहीत.

आता ऐक. स्क्रीन कुठे न्यायची हा प्रश्नच चुकीचा होता. तुला दोन ठिकाणी असायचं होतं आणि तू एकटी होतीस. त्याला स्क्रीन काय करणार, पंधरा इंची असो की पन्नास? टेबल भिंतीला लाव, टीव्ही समोरच्या भिंतीला, मधे चार पावलं ठेव. तार खोक्यातच आहे, जाड टोकाची. अक्षरं मोठी कर आणि घरी बसून काम कर. रविवारच्या बसने मी येते आहे. दुकान लिसेत बघेल, माझ्याहून गोड बोलते ती. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याच्या शेजारी मी बसणार. तो बोलला नाही तरी चालेल, मीही बोलणार नाही. बघत राहीन नुसती. रक्तदाब बघायला बोलावं लागत नाही.

टीव्ही जागेवर राहू दे. हलायचं काम माझं.

त्याला सांगू नकोस, नाहीतर कडी लावून घेईल.

प्रिमितिवा


ओरुरो, शुक्रवार, १४ मार्च, दुपार

सुल्मा,

तू कानाला ते लावून बसलीस की बोललेलं ऐकू येत नाही, आणि खांद्याला हात लावला की 'श्श' करतेस. एकाच घरात पत्र लिहायची वेळ आली. कागद तुझ्या हाताखाली सरकवते, काम झालं की वाच. आज तुझा निकाल, म्हणून मी जास्त हलतही नाही.

महिनाभर तू मला विचारते आहेस की तिथे आमचं काय बोलणं होतं, आणि मी काही नाही म्हणते. खरंच काही नव्हतं. पहिल्या सोमवारी मला बघून त्याने तोंड भिंतीकडे केलं. सुया लावलेल्या, म्हणून उठून जाता येईना, एवढाच माझा फायदा. मी विणायला घेतलं. दोनदा त्याचे ओठ पांढरे पडले, दोनदा मी परिचारिकेला हाक मारली, तिसऱ्यांदा तो भिंतीलाच म्हणाला, "हिला किती ओरडायची सवय आहे." ते पहिलं वाक्य.

मग ओरुरोच्या उत्सवाचा सोमवार. बाहेर रस्त्यावर एकामागून एक बँड चाललेले, काचा हादरत होत्या, आणि हा खुर्चीत बांधलेला. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "तेव्हा माझ्या दारात नाही वाजवलंस ते."

त्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तू विचारायला आलीच नाहीस."

मी म्हटलं, "भावाला विचारायचं असतं?"

तो म्हणाला, "बँडमास्तरकडे टोपली घेऊन गेलीस. झांजवाल्याकडे गेलीस. स्वयंपाकिणीच्या घरीसुद्धा पाव घेऊन गेलीस. मी तीन आठवडे रोज संध्याकाळी चांगला शर्ट घालून दार उघडं ठेवून बसलो. बायको म्हणायची, जेवून घ्या, ती उद्या येईल. मग समोरचे लोक आले. पाव घेऊन आले."

मला इतका राग आला की सांगता येत नाही. अगं, मी गृहीत धरलं होतं. सख्खा भाऊ, तो ढोल घेऊन पहिला उभा राहणार, यात विचारायचं काय? तोंडापर्यंत शब्द आले होते. आणि मग मला माझंच पत्र आठवलं. जानेवारीत तुला काय काय ऐकवलं होतं मी. घरी यावं लागतं, टोपली घ्यावी लागते, शेंबड्या पोराला कळतं. ते तुला लिहिणारी मीच ना?

दुसऱ्या दिवशी, घरातल्या वस्तूंवर बिअर शिंपडून बरकत मागायच्या मंगळवारी, तू टीव्हीला फुलं वाहिलीस आणि मी बिअर वरूनच ओतायला निघाले, तू माझा हात धरून ती टेबलाच्या पायाशी शिंपडायला लावलीस, आठवतं? तुला वाटलं मी चढवली आहे. मला रात्रभर झोप नव्हती.

तर आज. सकाळी पाच वाजता तुझ्या बाबाला म्हटलं, तू हो पुढे. मी भट्टीवर गेले. नवा घागरा नेसले, शाल घेतली, टोपलीत सहा पाव घातले. फळं नाहीत, त्याला केळं-संत्रं चालत नाही. बिअर नाही, त्याचं पाणीसुद्धा वाटीने मोजतात. दारावर परिचारिका म्हणाली, टोपली आत नको. मी म्हटलं, बाई, हे अकरा वर्षं थकलेलं काम आहे. तिने टोपलीचा दांडा स्पिरिटने पुसला आणि सोडलं.

त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिले. अकरा माणसं बघत होती, एकही झोपलेला नव्हता. मानाने म्हटलं, "डॉन कासियानो तिंताया, पुढच्या वर्षी मी पुन्हा यजमानपण मागून घेते आहे. माझ्या दारात मोठा ढोल तुम्ही वाजवावा, म्हणून विचारायला आले आहे."

तो टोपलीकडे बघत राहिला. म्हणाला, "पुढच्या वर्षी मी असेन का?"

मी म्हटलं, "पाव घेतलास तर असावंच लागेल."

मेला काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, "विचार करून सांगतो. टोपली घरी ठेव." आणि डोळे मिटले. अकरा जणांसमोर. मी तिथे उभी, नव्या घागऱ्यात. माझा नुसता संताप झाला. रीत म्हणून एक दिवस थांबवतात हे मलाही कळतं, पण माणसाने किती ताठ असावं?

टोपली स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे. सहा आहेत, मोजून ठेवलेत. तू हात लावू नकोस. तो परत पाठव म्हणाला तर मला येऊन सांग, माझ्या हातात देऊ नकोस.

आत्या


ओरुरो, शनिवार, १५ मार्च, सकाळ

अगं आत्या,

तू बाजारात गेलीस म्हणून लिहून ठेवते. मीही आता निघते. लॅपटॉपचा चार्जर दुरुस्तीला टाकलाय, तो आणायचा आहे.

कंपनीचं उत्तर काल संध्याकाळी आलं. कायम केलं. तिकडच्या बाईने लिहिलंय की गेला महिनाभर माझ्या पानांत चुका जवळजवळ नाहीत, आणि मी कोणती स्क्रीन घेतली ते तिला कळवावं, तिच्याकडे आणखी मुली आहेत. मी काय कळवू ते तूच सांग.

बाबा अजून झोपले आहेत. तू त्यांना काही विचारू नकोस, चेहऱ्यावरही दाखवू नकोस, त्यांना स्वतः सांगू दे. पण ओट्यावरच्या टोपलीत पाच पाव आहेत.

मी खाल्लेला नाही.

सुल्मा